सही कोण करणार?

पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर, स्टीलच्या खुर्च्यांच्या दोन रांगा आहेत. पुढच्या रांगेत नवे येऊन बसतात, मागची रांग मुक्कामवाल्यांची. मुक्कामवाल्यांकडे उशी, चार्जर, थर्मास आणि बिलांची फाइल असते. पुरंदर तालुक्यातलं एक कुटुंब मागच्या रांगेत होतं. आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मेंदूत मोठा रक्तस्राव झालेला, श्वास व्हेंटिलेटरवर. बाहेर दोन मुलगे, जावई, थोरली सून आणि गावाकडून आलेले चुलते. चुलत्यांनी आल्या आल्या विचारलं, "दादा बोलतो का?" कुणी उत्तर दिलं नाही.

संध्याकाळच्या भेटीनंतर डॉक्टर बाहेर आले. मेंदूची सूज, किडनीवर आलेला ताण, डायलिसिस लागण्याची शक्यता, सगळं नीट समजावून सांगितलं. थोरल्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, घरी नेलं तर?" डॉक्टर म्हणाले, "आम्ही न्या असं म्हणणार नाही. तुमचा निर्णय असेल तर तसं लिहून द्या." थोरला धाकट्याकडे बघायला लागला, धाकटा जावयाकडे. "माझं कशाला, तुम्ही पोरं आहात," जावई म्हणाला. सून तेवढी सरळ बोलली, "आबा शुद्धीत असते तर त्यांनीच नळ्या उपटून टाकल्या असत्या."

लिहून द्यायचं म्हणजे 'डामा'. डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल अॅडव्हाइस. रुग्णाला आमच्या जबाबदारीवर नेत आहोत, परिणामांची कल्पना दिलेली आहे, असा छापील फॉर्म असतो. खाली सही, नातं, मोबाइल नंबर. मग हिशेब पुरा करायचा आणि अँब्युलन्स ठरवायची. सोबत श्वास देणारी अंबू बॅग हातानं दाबायला एक ब्रदर येतो. घरी पोचल्यावर नळी काढतात, कधी वाटेतच सगळं आटोपतं. खाली उभा असलेला अँब्युलन्सवाला म्हणाला, "लोकांचं एकच म्हणणं असतं, उंबऱ्याच्या आत टिकवा."

यंदाच्या दिवाळी अंकाचं सूत्र 'निरोप' आहे, इच्छामरणाला कायद्यानं परवानगी द्यावी की नाही यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. मी वकिलांपासून सुरुवात करणार होते. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या एका डॉक्टर मैत्रिणीनं अडवलं. "आधी बाहेरच्या खुर्च्यांवर बसून ये," म्हणाली. तिथं बसल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की आपण ज्याच्यावर परिसंवाद आणि वक्तृत्वस्पर्धा भरवतो तो निर्णय इथं रोज घेतला जातो. फक्त त्याचं नाव डिस्चार्ज असतं, आणि उपचार थांबवल्याची नोंद मुलाच्या सहीनं होते. पुढं आयुष्यभर, बापाला आपणच नेलं, हे त्याला वाटत राहतं ते वेगळंच.

वॉर्ड नंबर ४

भारतातल्या या वादाचा रस्ता मुंबईच्या परळवरून जातो. तिथल्या केईएम रुग्णालयातली परिचारिका अरुणा शानबाग, कर्नाटकातल्या हळदीपूरची, वय पंचवीस. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगारानं तिच्या गळ्याभोवती कुत्र्याची साखळी आवळून तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची, सात वर्षांची. अरुणा त्यानंतर साडेएक्केचाळीस वर्षं चार नंबर वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत पडून होती.

पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की तिचं खाणं थांबवून तिला जाऊ द्यावं. न्यायालयानं तीन डॉक्टरांची समिती नेमली, तिघेही मुंबईचे. टाटा मेमोरियलचे डॉ. जे. व्ही. दिवाटिया, हिंदुजाचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. रूप गुरसहानी आणि शीव रुग्णालयाचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नीलेश शाह. त्यांनी तिला तपासलं. ती व्हेंटिलेटरवर नव्हती. श्वास स्वतःचा होता, मऊ करून भरवलेलं तोंडानं खात होती. कुठलं यंत्र बंद करायचं, हा प्रश्नच नव्हता. प्रश्न घासाचा होता.

आणि तो घास भरवणाऱ्या परिचारिका विरोधात उभ्या राहिल्या. पिढ्या बदलल्या, अरुणाला चालता-बोलताना पाहिलेल्या निवृत्त झाल्या, पण ड्यूटीवर येणारी नवी मुलगी आधी चार नंबरच्या खोलीत डोकावायची. इतकी वर्षं अंथरुणात काढलेल्या बाईच्या पाठीवर एक बेडसोर नाही, हे नर्सिंगचं काम ज्यानं पाहिलंय त्यालाच किती मोठं आहे ते कळेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, कोरडं करायचं, पावडर लावायची, पुन्हा कूस बदलायची.

७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. अर्ज फेटाळला. अरुणाच्या वतीनं बोलायचा अधिकार विराणींचा नाही, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असं ठरवलं. पण त्याच निकालानं, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं जीवरक्षक उपचार काढून घेता येतील, अशी वाट देशात पहिल्यांदा उघडली. परळला आनंद झाला. त्या खोलीमुळे जो हक्क देशाला मिळाला तो त्या खोलीतल्या बाईला लागू झाला नाही. १८ मे २०१५ रोजी ती न्यूमोनियानं गेली.

विराणी बरोबर की परिचारिका, यावर मी तरुणपणी भांडले आहे. आता भांडत नाही. दोघींपैकी कुणीही तिच्या वतीनं ठरवणं मला पटत नाही, आणि तिनं स्वतः काही सांगून ठेवलं असण्याची शक्यताच नव्हती. १९७३ साली पंचविशीतली, लग्न ठरलेली मुलगी असला कागद करून ठेवते काय?

दोन मंडळं

'कॉमन कॉज' या संस्थेची याचिका २००५ पासून सर्वोच्च न्यायालयात होती. ९ मार्च २०१८ रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्या नेतृत्वाखालच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि आपल्यावर कोणते उपचार करू नयेत हे माणूस आधी लिहून ठेवू शकतो. या कागदाला सगळे 'लिव्हिंग विल' म्हणतात. वृत्तपत्रांनी ठळक मथळे दिले, 'इच्छामरणाला मान्यता'. अतिदक्षता विभागांत मात्र काही हललं नाही.

मैत्रिणीनं कारण सांगितलं. "निकाल वाचला, घडी घातली, ठेवून दिला." त्या पद्धतीत कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी. वेळ आली की वीस-वीस वर्षं अनुभवाच्या तज्ज्ञांचं रुग्णालयाचं मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेलं दुसरं मंडळ, मग दंडाधिकारी स्वतः येऊन रुग्णाला बघणार. "दंडाधिकारी येईपर्यंत पेशंट थांबतो का?" तिनं विचारलं.

अतिदक्षता क्षेत्रातल्या डॉक्टरांच्या संघटनेनंच न्यायालयात जाऊन हे सोपं करून मागितलं. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशानं आता कागदावर नोटरीची किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते. पहिल्या मंडळात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ बसतात. दुसरं मंडळही रुग्णालयच बसवतं, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या सीएमओनं, म्हणजे मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं, सुचवलेला हवा. दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं. दंडाधिकाऱ्याला कळवायचं, त्याची वाट बघायची नाही. कागद केलेला नसेल तर नातेवाइकांच्या संमतीनं हाच रस्ता खुला आहे. मंडळांनी नकार दिला तर उच्च न्यायालय आहेच.

कागदावर छान. पण 'सीएमओ' असं पद महाराष्ट्रातल्या जिल्ह्यात शोधून दाखवा. आपल्याकडे जिल्हा शल्यचिकित्सक असतात आणि जिल्हा आरोग्य अधिकारी असतात. लहान रुग्णालयानं नेमकं कुणाला पत्र टाकायचं? एका तालुक्याच्या गावी वीस खाटांचं रुग्णालय चालवणारे डॉक्टर हसून म्हणाले, "दुसरं मंडळ बसवायला डॉक्टर आणायचे कुठून? त्यापेक्षा डामा बरा. डामामध्ये मी सुटतो." त्यांच्या या वाक्यात या विषयाचा निम्मा इतिहास आहे. वाईट हेतू कुणाचाच नसतो. उपचार थांबवले असं लिहायला कुणी धजत नाही, कारण लिहिणाऱ्याला पोलीस स्टेशन दिसतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला, तेव्हा डॉक्टरांवरचा कायदेशीर ताण वाढेल म्हणून आक्षेप घेतला तो इंडियन मेडिकल असोसिएशननंच.

याच भीतीचं आणखी एक चमत्कारिक रूप बघायला मिळालं. मेंदूमृत्यू म्हणजे काय, हे आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात सांगितलं आहे, आणि ते प्रत्यारोपणापुरतंच. त्यामुळे तपासण्या होऊन डॉक्टरांची खात्री पटली आणि कुटुंबानं अवयवदानाला होकार दिला तर माणूस मृत. नकार दिला तर तोच माणूस, त्याच खाटेवर, पुन्हा व्हेंटिलेटरवरचा रुग्ण, बिल चालू.

अन्नाचं काय, हा अरुणाचा प्रश्न तर पुढंही पाठ सोडेना. वरच्या मजल्यावरून पडून वर्षानुवर्षं बेशुद्ध असलेल्या तरुण मुलाच्या उत्तरेतल्या आईवडिलांना दिल्ली उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये नकार दिला, मुलगा यंत्रावर नाही, नळीनं अन्न घेऊन जगतो आहे, म्हणून. प्रकरण तिथून सर्वोच्च न्यायालयात गेलं.

नोटरीचं टेबल

मी माझाच कागद करायला घेतला. कोर्टाच्या आवारात वडाखाली टेबलं मांडून बसलेल्या नोटरींपैकी एकांकडे गेले. भाडेकरार, नावात बदल, गॅझेटचं प्रतिज्ञापत्र, सगळ्याचे नमुने त्यांच्या लॅपटॉपमध्ये तयार. "मृत्युपत्र ना? मालमत्तेची यादी आणलीय?" मालमत्ता नाही, शरीर, असं सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढला. शेजारच्या टेबलावरचे वकील खुर्ची सरकवून आले. दोघांनी मसुदा वाचला. "मॅडम, मुलांना माहीत आहे ना? नाहीतर उद्या आम्हाला नोटीस यायची." मुलगी सोबत होती. तिनं मान डोलावल्यावर शिक्का बसला. साक्षीदार दोन लागतात, आणि शक्यतो हितसंबंध नसलेले. मी शेजारीण आणि योगवर्गातली मैत्रीण नेली होती. दोघींनी परतताना रिक्षात आपापले मसुदे मागून घेतले.

मसुद्यात काय लिहायचं हे मला डॉक्टरांनी शिकवलं. 'मला यंत्रांवर ठेवू नका' एवढं पुरत नाही. व्हेंटिलेटर, हृदय बंद पडल्यावर छाती दाबणं, डायलिसिस, नाकातली नळी, प्रत्येकाबद्दल वेगळं लिहायचं. काय हवं तेही लिहायचं, वेदनाशामक हवं, तोंड ओलं ठेवा. माझ्या वतीनं कोण बोलेल, त्या एकाहून अधिक जवळच्या माणसांची नावं. हा कागद लागू होतो तो बरं होण्याची आशा संपलेली असेल आणि मी बोलायच्या अवस्थेत नसेन तेव्हाच. अपघातात पाय मोडला तर कुणी हा दाखवून मला मरू देणार नाही, हे माझ्या भावाला तीनदा सांगावं लागलं.

मग प्रत जमा करायची. न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे महापालिकेनं किंवा पंचायतीनं त्यासाठी अधिकारी नेमायला हवा. कित्येक ठिकाणी तो नव्हताच. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचा कागद केला, तो ठेवायला अधिकारी नाही हे पाहून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, तेव्हा कुठे चक्रं फिरली. मुंबईत वॉर्डाचे आरोग्य अधिकारी हे काम बघतात. गोव्यात ३१ मे २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठातले न्या. महेश सोनक यांनी राज्यातला पहिला कागद नोंदवला. न्यायमूर्तीनंच आधी सही केली म्हटल्यावर पुढच्याला धीर येतो.

आमच्याकडे मी गेले त्या कार्यालयात आवक-जावकच्या क्लार्कनं कागद उलटसुलट पाहिला. "कशाखाली घेऊ? जन्म-मृत्यू की तक्रार?" साहेब मीटिंगला होते. शेवटी 'इतर' खाली आवक क्रमांक पडला.

गिरगावचं पत्र

इथपर्यंतचं सगळं उपचार न घेण्याबद्दल. डॉक्टरनं इंजेक्शन देऊन मृत्यू आणणं ही वेगळी मागणी, आणि लोकांच्या मनातलं 'इच्छामरण' बहुतेक वेळा तेच असतं. डिसेंबर २०१७ मध्ये गिरगावातल्या ठाकूरद्वारच्या एका वृद्ध जोडप्यानं राष्ट्रपतींना पत्र लिहून ते मागितलं. दोघांना गंभीर आजार नव्हता. मूलबाळ नव्हतं. अंथरुणाला खिळण्याची वाट का बघायची, एवढंच त्यांचं म्हणणं. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' नाटकातले असेच म्हातारे नाना-नानी रंगभूमीवर येऊन तेव्हा चाळीसहून अधिक वर्षं झाली होती.

आपला कायदा इथं ठाम आहे. रुग्णाच्या संमतीनं इंजेक्शन दिलं तर खून ठरणार नाही, पण सदोष मनुष्यवध ठरेलच. गोळ्या हातात आणून दिल्या तर आत्महत्येस प्रवृत्त केल्याबद्दल दहा वर्षांपर्यंत कैद. नेदरलँड्स आणि बेल्जियमनं २००२ मध्ये परवानगी दिली, कॅनडानं २०१६ मध्ये. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सनं जून २०२५ मध्ये ३१४ विरुद्ध २९१ मतांनी विधेयक पुढं सरकवलं. हे देश पुढं गेले तर आपण का नाही?

परंपरेचा आधार देणारेही भेटले. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना, म्हणजे अन्न सोडण्याचं जैन व्रत, घेतली. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न आणि औषध सोडलं. विनोबांनी पवनारला तेच केलं आणि १५ नोव्हेंबर १९८२ ला, ऐन दिवाळीत, ते गेले. ही उदाहरणं मला मोलाची वाटतात, पण इंजेक्शनच्या बाजूनं नाही. तिघांनी नकार दिला, दुसऱ्याच्या हातून काही करवून घेतलं नाही. तिघांभोवती माणसं होती. आणि तिघांच्याही निर्णयात घरखर्चाचा हिशेब कुठं नव्हता.

सामान्य घरात तो असतो. मागच्या रांगेतल्या धाकट्या मुलानं मला उसाच्या बिलाचा आकडा सांगितला होता आणि रुग्णालयाच्या बिलाचाही. व्हीलचेअरवरून सरकारी कार्यालयांशी भांडत आलेले एक कार्यकर्ते म्हणाले, "मला रॅम्प मिळायला बारा वर्षं लागली. मरणाची सोय मात्र हे लोक तातडीनं करून देतील." कॅनडानं २०२१ मध्ये मृत्यू जवळ नसलेल्यांनाही ही मुभा दिली तेव्हा तिथल्या अपंग हक्क संघटनांनी हेच बोट ठेवलं होतं. सातबाऱ्यावर चार नावं असलेल्या घरात म्हाताऱ्यानं 'आता मला सोडवा' म्हटलं, तर ते त्याचं म्हणणं आहे की त्याच्या कानावर पडत राहिलेलं, हे ठरवणारं मंडळ कोण बसवणार? ज्या राज्यात क्लार्कला कागद कशाखाली घ्यायचा ते माहीत नाही, त्या राज्यात इंजेक्शनचा कायदा आज नको, असं माझं मत झालं आहे. गिरगावच्या आजी-आजोबांबद्दल पूर्ण आदर ठेवून.

दहा मिलिग्रॅम

हे मत पक्कं झालं ते एका परिचारिकेबरोबर केलेल्या घरभेटीत. ती घरोघर जाऊन पॅलिएटिव्ह सेवा देते, म्हणजे आजार बरा होणार नाही अशांचा त्रास कमी करते. दोन खोल्यांचं घर, साठीच्या बाई, गर्भाशयाचा कॅन्सर कंबरेच्या हाडात उतरलेला. महिन्यापूर्वी त्या मुलाला रोज म्हणत, "एकदाची गोळी घालून मोकळं कर." सिस्टरनं मॉर्फिनची दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी सुरू केली, सोबत पोट साफ व्हायचं औषध, कारण मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतंच. मी गेले तेव्हा बाई भिंतीला टेकून वाल सोलत होत्या. गोळी घालण्याचा विषय निघाला नाही. सिस्टरनं विचारलं, "रात्री झोप?" "लागली. पण सुनेनं उठवलं गोळीला," ही तक्रार.

ही गोळी महाग नाही. अफू भारतात पिकते. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जाचानं औषधदुकानांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये संसदेनं कायदा सैल केला, तरी बहुतेक तालुक्यांत आजही ते मिळत नाही. देशातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६ चं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून मोफत सेवा देतं आहे. अशी ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकी. मरण मागणाऱ्यांतले सगळे वेदनेमुळेच मागतात असं नाही, हे मला मान्य आहे. पण ज्यांना दहा मिलिग्रॅम कधी मिळालंच नाही, त्यांची इच्छा खरी कोणती, हे ठरवायला आपण घाई करतो आहोत.

डॉ. दिवाटिया आणि डॉ. गुरसहानी, अरुणाला तपासणारे, पुढं अखेरच्या काळजीच्या देशातल्या चळवळीत पुढे राहिले. त्यांच्यासारख्यांची मागणी मोठी नाही. उपचार थांबवायचे तेव्हा ते उघडपणे, केसपेपरवर लिहून, रुग्णालयातच थांबवावेत. त्या वेळी मॉर्फिन द्यावं, घरच्यांना खाटेशेजारी बसू द्यावं. अंबू बॅग दाबत कुणाला पुरंदरपर्यंत न्यायला लागू नये.

पुरंदरच्या आजोबांच्या फॉर्मवर शेवटी सुनेनं सही केली. नात्याच्या रकान्यात 'सून' चालणार नाही म्हणून काउंटरवर अडवलं, तेव्हा थोरल्यानं तिच्या सहीखाली आपली केली.

हा अंक तुमच्या हातात येईल तेव्हा भाऊबीज जवळ असेल आणि घर भरलेलं असेल. जेवणं झाल्यावर आईवडिलांना विचारा, त्यांना काय हवं आहे आणि काय नको. तुमचंही सांगा. अठरा पूर्ण झालेलं कुणीही हा कागद करू शकतं आणि केव्हाही लेखी रद्द करू शकतं. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढंच लागतं. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे ठेवा, एक महापालिकेत किंवा पंचायतीत द्या. तिथं अधिकारी नेमलेला नसेल तर तसं लेखी उत्तर मागून घ्या.